दोनशे चौदा अज्ञात

मी हे लिहिणारच नव्हतो. तीन वेळा फाइल उघडली आणि तीन वेळा सेव्ह न करता बंद केली. खरं सांगायचं तर यात सगळ्यात वाईट दिसणारा माणूस मीच आहे, आणि ते स्वतःच्या हाताने टाइप करायला बोटं चालत नाहीत. पण आता बसलोय. जमेल तसं लिहितो.

माझं काम असं. एका मोठ्या कलासंग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर स्कॅनिंगची खोली आहे. खिडकीला काळा पडदा, मधे काचेचं मोठं मशीन, भिंतीला लागून दोन टेबलं. जुनी चित्रं यायची. मी हातमोजे घालून एकेक काचेवर ठेवायचो, रबरी पंपाने धूळ उडवायचो, स्कॅन करायचो, आणि मग कॉम्प्युटरवर नोंद भरायचो. आकार, कागद, साल, चित्रकार. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, हे सगळं व्हिडिओ बघून शिकलो. साहेबांनी मला घेतलं तेव्हा म्हणाले होते, डिग्री नाही पण पोराचा हात वेगवान आहे. त्या वेगाचा मला भारी माज होता.

यंदा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी एक चित्रकार बाई आली. ऑफिसात सगळे तिला तिच्या मागे पाहुणी म्हणायचे, समोर मॅडम. आम्ही स्कॅन केलेली चाळीस हजार चित्रं आणि त्यांच्या नोंदी तिने एआयला खायला घातल्या. मग चित्रकाराचं नाव टाइप केलं की मशीन त्या माणसाच्या हाताने चित्र काढायचं, त्याने जन्मात न काढलेलं. काही बघून हसू यायचं. काही बघून अंगावर काटा यायचा, कारण तो माणूस मरून साठ वर्षं झालेली असायची.

एकदा तिने सहज चित्रकाराच्या जागी ‘अज्ञात’ टाइप केलं. चित्र कुणाचं ते माहीत नसलं की आम्ही नोंदीत तेच लिहितो. म्हणजे अज्ञात ही शंभर वेगवेगळी माणसं. कसलीतरी सरमिसळ यायला हवी होती. ती आली नाही. आल्या भाज्या. वांगी, मुळे, मिरच्या, टोमॅटो, सगळे एकाच हातचे, जाड ठाम रेघेचे, आणि प्रत्येक चित्रात एक पान किडीने खाल्लेलं.

पाहुणी वेडीच झाली. मशीनच्या मते अज्ञात हा एकच माणूस आहे, असं ती जो भेटेल त्याला सांगत सुटली. त्यावर अख्खं प्रदर्शन उभं राहिलं. भिंतीवर लावायच्या मजकुरात तिने त्या माणसाला म्हातारा करून टाकलं, एकटा राहणारा, जगाला कंटाळलेला, किडलेल्या पानात मरण बघणारा.

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले होते तेव्हा निमंत्रण आलं, वर एका वांग्याचं चित्र. मी ते बोक्याला पाठवलं. बोका माझा शाळेपासूनचा मित्र, घाऱ्या डोळ्यांमुळे बोका. लिफ्ट दुरुस्त करतो. तासाभरात त्याचा फोन, घरी ये म्हणाला, आईला तुझ्याशी बोलायचंय.

बोक्याच्या आईला मी मावशी म्हणतो. बारा वर्षं त्या घरी येऊन जाऊन आहे. मागच्या वर्षापासून त्यांचा उजवा हात लुळा पडलाय, कप डाव्या हाताने धरतात. त्या दिवशी बोक्याचा फोन त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या.

“हात माझा आहे,” मावशी म्हणाल्या. “पण हे मी काढलेलं नाही.”

मला आधी वाटलं तब्येतीमुळे काहीतरी बोलतायत. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाआधी त्या एका छापखान्यात कामाला होत्या, ते मला माहीत होतं. मला आपलं वाटायचं पाकिटं चिकटवत असतील. तर नाही. बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं त्या काढायच्या. चार वर्षं. वयाच्या विसाव्या वर्षापासून. चित्रावर सही करायला मालकाची बंदी, म्हणून प्रत्येक चित्रात त्यांनी एक पान किडकं ठेवलं. मालकाला ते कधी खटकलं नाही, उलट झाड खरं वाटतं म्हणाला. नाव फक्त मूळ चित्रं ठेवायच्या मोठ्या पाकिटावर, दुमडून बंद करायच्या झडपेच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने.

“मरणबिरण काही नव्हतं रे त्यात,” त्या म्हणाल्या. “माझी सही होती ती.”

छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने कपाटंच्या कपाटं आमच्या संग्रहालयाला देऊन टाकली होती. त्यातलं भाज्यांचं कपाट मीच रिकामं केलं होतं, दीड वर्षापूर्वी. पण तेव्हा त्या चित्रांकडे मी चित्रं म्हणून बघितलंच नव्हतं. दिवसाला तीनशे उरकायची होती.

बोक्याने एवढंच विचारलं की नाव पाकिटावर होतं तर ते गेलं कुठे. आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं. ती बाई. नाव असतं तर तिचा अज्ञात उभाच राहिला नसता. नाव काढल्याशिवाय तिचं दुकान कसं चालणार.

मला ते पटलं. पटलं म्हणजे इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून मी पाहुणीच्या मागेच लागलो.

आणि बघायला बसल्यावर काय, सगळंच संशयास्पद दिसतं. मी खोलीत गेलो की ती लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली करायची. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. तिच्या टेबलावर छापखान्याच्या चित्रांची यादी होती, तिच्यावर लाल पेनाने कसल्यातरी वेळा लिहिलेल्या, मी जवळ गेलो तर तिने वर वही ठेवली. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे तिने नोंदींच्या तारखा मागितल्या होत्या, हे मला त्यानेच चहाच्या वेळी सांगितलं. आणि मग तिने मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की नोंद भरताना तू जुनी पाकिटं बघायचास ना. मी म्हटलं बघतोच की. ती म्हणाली, प्रत्येक? मी म्हटलं प्रत्येक. तिने मान हलवली आणि हसली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. मी बोक्याला तसंच कळवलं, बाई पुरावे हुडकतेय, बहुतेक नष्ट करायला.

सोमवारी साहेब बाहेरगावी होते. मी जुन्या नोंदींचा इतिहास उघडला. आमच्या सिस्टीममध्ये कुठलीही नोंद कुणी भरली, कधी बदलली, सगळं राहतं. मला पाहुणीचा कोड सापडायला हवा होता. चित्रकार या रकान्यात आधी मावशींचं नाव, मग ते पुसून अज्ञात, आणि पुढे तिचा कोड, असं मी डोळ्यांसमोर बघून ठेवलं होतं.

बदल काहीच नव्हता. दोनशे चौदा चित्रं, पहिल्यापासूनच अज्ञात. भरणाऱ्याचा कोड माझा. वेळ सगळ्यांची एकच, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं.

मी बराच वेळ त्या अकरा-सातकडे बघत बसलो. मग आठवलं.

सांगतो कसं झालं. चित्रकाराच्या रकान्यात पहिलं अक्षर टाकलं की खाली आपोआप नावांची यादी येते, आणि जे नाव सगळ्यात जास्त वेळा वापरलंय ते सगळ्यात वर. अ टाकला की वर काय येणार? अज्ञात. एंटर मारला की ते भरलं जातं. मग तो रकाना माउसने पकडायचा आणि खाली ओढायचा, की खालच्या सगळ्या नोंदींत तेच. एका गठ्ठ्यातली चित्रं एकाच माणसाची असतात, म्हणून आम्ही सगळे असंच करायचो, त्यात चूक काही नाही.

मावशींचं नाव अ ने सुरू होतं.

म्हणजे मी पाकिटाची झडप उघडली होती. नाव वाचलं होतं. टाइप करायला घेतलं, अ टाकला, आणि माझ्या त्या वेगवान हाताने यादी न बघताच एंटर मारला आणि ओढलं. दोनशे चौदा. बाकीचे अज्ञात दोन-चार चित्रांचे, हे दोनशे चौदा एकाच हातचे, म्हणून मशीनला अज्ञात म्हटलं की भाज्याच आठवायच्या. एक माणूस पुसायला मला चार सेकंद लागले असतील.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तर अजून वेगळीच आहे. ते नाव मी बरोबर भरलं असतं, तरी ओळखलं नसतं. बारा वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यायलो आणि पाकिटाची गोष्ट सांगेपर्यंत तिचं नाव मला माहीत नव्हतं. मावशी म्हणजे मावशी.

मी तळघरात गेलो. स्कॅन झाल्यावर चित्रं नव्या फोल्डरमध्ये जातात आणि जुनी रिकामी पाकिटं खोक्यांत भरून ठेवतात, फेकत नाहीत. चौथ्या खोक्यात सापडलं. पिवळं पडलेलं, झडपेवर पेन्सिलीने नाव आणि लग्नाआधीचं आडनाव, गोल, शाळेतल्यासारखं अक्षर. आता हे घेऊन सरळ बोक्याकडे जायचं होतं, किंवा साहेबांना फोन करायचा होता. मी काय केलं, तर ते घडी न करता वहीत सरकवलं, वही सॅकमध्ये टाकली आणि घरी आलो.

मंगळवारी बोक्याने तक्रार लिहून मला वाचायला पाठवली. साहेबांच्या नावाने होती. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईने माझ्या आईचं नाव मुद्दाम काढून टाकलं, तिची चित्रं मशीनला चारून स्वतःची म्हणून मांडली, कॅटलॉग छपाईला जायच्या आत हे थांबवा. खाली मला विचारलं होतं, यात काही चूक आहे का, तू आतला माणूस आहेस.

मी टाइप केलं, बरोबर आहे, पाठव.

हे वाक्य मी तीन वेळा फाइल बंद करण्याचं कारण आहे.

पुढचे दोन दिवस मी पाहुणीवर आणखीच लक्ष ठेवलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं तरी. आता मी तिच्यात चोर शोधत नव्हतो, चोरासारखं काहीतरी सापडावं अशी वाट बघत होतो. ती एकदा तळघरातल्या खोक्यांच्या खोलीची किल्ली मागायला आली, मी म्हटलं हरवलीय. किल्ली माझ्या खिशात होती.

गुरुवारी दुपारी साहेबांनी बैठक बोलावली. कॅटलॉग शुक्रवारी सकाळी छापखान्यात जाणार होता, आणि एकदा छापला की पुढची पन्नास वर्षं त्या चित्रांचा चित्रकार अज्ञात, असं साहेब स्वतःच म्हणाले. टेबलाच्या एका बाजूला बोका आणि मावशी, दुसऱ्या बाजूला पाहुणी, मी दाराजवळ. मावशींनी चांगली साडी नेसली होती. बोका कामाच्या कपड्यांत, बाहीला ग्रीस.

बोक्याने तक्रार मोठ्याने वाचली. पाहुणीचा चेहरा उतरला. ती म्हणाली की नाव तिने काढलेलं नाही, तिच्याकडे नोंदी आल्या तेव्हाच अज्ञात होत्या. बोका म्हणाला, असं कुणीही म्हणेल. साहेबांनी पुरावा विचारला. बोका म्हणाला, पाकिटावर नाव आहे, पाकीट शोधा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बोक्यानेही बघितलं, पण वेगळ्या नजरेने, आपला माणूस आहे अशा.

मावशी मधेच पाहुणीशी बोलायला लागल्या. टेबलावर तिची छापून आणलेली चित्रं होती, ती त्या डाव्या हाताने एकेक सरकवत होत्या. वांगं छान आहे म्हणाल्या. मुळा माझ्यापेक्षा बरा आलाय. मग दुधीपाशी थांबल्या.

“अगं, दुधीचं फूल टोकाला असतं, याने देठाकडे चिकटवलंय,” त्या म्हणाल्या. “हे बियाणं कुणी घेणार नाही.”

साहेबांना हसू आलं. पाहुणीलाही आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मला कळलं की ही बाई चोर असू शकत नाही. म्हणजे ते मला सोमवारपासून कळलेलं होतं, पण तोवर ते कॉम्प्युटरवर कळलं होतं. आता ती समोर बसून नाक पुसत होती.

मी सॅकमधून वही काढली, वहीतून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“नाव मी घालवलं,” मी म्हटलं. “अ टाकला आणि न बघता एंटर मारला. मॅडमचा काही संबंध नाही.”

मग सगळं सांगितलं. अकरा-सात, यादी, ओढणं, किल्लीसुद्धा. मला वाटलं होतं साहेब ओरडतील. त्यांनी झडप उघडली, नाव वाचलं, मावशींकडे बघितलं आणि उभे राहिले.

पाहुणी म्हणाली की तिलाही कबूल करायचंय. दोनशे चौदा नोंदी एकाच मिनिटाला भरलेल्या बघून तिला तीन आठवड्यांपूर्वीच शंका आली होती की हा गूढ चित्रकार वगैरे काही नाही, कुणाची तरी घाई आहे. म्हणूनच ती तारखा मागत होती, म्हणूनच तिने मला पाकिटांचं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिला बरं वाटलं आणि तिने पुढे शोध थांबवला. शोध लागला असता तर प्रदर्शन गेलं असतं. किल्ली मागितली ती शेवटची टोचणी म्हणून, आणि हरवली म्हटल्यावर तिला पुन्हा बरंच वाटलं. म्हणजे मी तिच्यावर संशय घेत होतो, ती माझ्यावर, आणि दोघांनाही उत्तर नको होतं.

कॅटलॉग थांबला. मूळ दोनशे चौदा चित्रांखाली मावशींचं पूर्ण नाव जाणार, लग्नाआधीचं, कारण काढली तेव्हा त्या त्याच होत्या. म्हातारा भिंतीवरून गेला. मशीनच्या चित्रांचं काय करायचं यावर साहेब आणि पाहुणी बराच वेळ बोलत राहिले, कुणाच्या नावाने, कुठल्या हक्काने. शेवटी मावशींना विचारलं.

“काढलं कुणी ते लिहा,” मावशी म्हणाल्या. “आणि शिकलं कुणाकडून तेही लिहा. दुधी मात्र लावू नका.”

मला साहेबांनी नोंदींवरून काढलं. नोकरीवरून नाही. चौकशी होईपर्यंत चित्रं उचलायची, ठेवायची, कीबोर्डला हात लावायचा नाही.

मावशींना पाहुणी मूळ चित्रं दाखवायला आत घेऊन गेली तेव्हा बोका आणि मी मागच्या जिन्यावर राहिलो. त्याने खिशातून रुमाल काढून बाहीवरचं ग्रीस पुसायला घेतलं. ते काही निघत नव्हतं. मी सॉरी म्हटलं. तो बाही घासत राहिला.

“तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“सोमवारी.”

“आणि मी तक्रार दाखवली कधी?”

मी म्हटलं, मंगळवारी.

तो बोटांवर दिवस मोजल्यासारखं करत राहिला. मग सावकाश बोलला. म्हणाला, एंटरचं मी समजू शकतो, मीही एकदा चुकीची वायर जोडून सहा माणसं अर्धा तास लिफ्टमध्ये अडकवली होती. पण मी तेव्हा खाली उभा राहून ओरडून सांगितलं होतं की चूक माझी आहे, घाबरू नका. तू मला एका परक्या बाईला चोर म्हणायला पाठवलंस. आईसमोर.

आतून मावशींचं बोलणं ऐकू येत होतं. त्या प्रत्येक चित्राशी थांबून काहीतरी सांगत होत्या, ही मिरची कुठून आणली, हा टोमॅटो खरा होता की आठवणीने काढला, कुठल्या चित्राच्या वेळी त्यांच्या धाकट्या बहिणीने रंगाच्या वाटीत बोट घातलं. पाहुणी मधेमधे विचारत होती. कुणी लिहून घेत नव्हतं.

बोक्याने माझ्याकडे न बघता सांगितलं की शनिवारी त्याला सुट्टी नसते. आईला एकेक चित्र नीट बघायचंय, दोनशे चौदा, त्याला महिने लागतील. कुणीतरी तिला आणायला हवं, परत न्यायला हवं, आणि ती जे सांगेल ते लिहायला हवं. कीबोर्ड नसला तरी वही-पेन चालतं ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं चालतं.

“तिला मधेच आठवत नाही हल्ली,” तो म्हणाला. “तेव्हा तू काय लिहिणार?”

मी पटकन उत्तर देणार होतो. मग थांबलो.

“काहीच नाही,” मी म्हटलं. “जागा रिकामी ठेवीन. माझ्या मनाने एक अक्षर भरणार नाही, आणि ती रिकामी का राहिली ते दर शनिवारी तुला येऊन सांगीन. शपथ.”